आठ महिन्यांचे वाळवंट : भंडाऱ्याचा भूगोल, माणसे आणि कारभार

१/
वाळवंटी प्रांत म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेर येते. वाळूचे ढिगारे, उंटांचे तांडे, दहा-दहा कोसांवर एखादे गाव. तलावांचा आणि धानाचा भंडारा जिल्हा या चित्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, असे आपण धरून चालतो. माझे मत वेगळे आहे. भंडाऱ्याचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर या जिल्ह्याकडे वर्षातले आठ महिने कोरडा राहणारा प्रांत म्हणून पाहायला हवे. येथील वस्ती आणि कारभार या कोरडेपणाला दिलेले उत्तर आहे, आणि ते उत्तर आपण आज हरवत चाललो आहोत. थ्रेड मोठा आहे, सवडीने वाचा.

२/
आधी आकडे. २०११च्या जनगणनेनुसार जैसलमेर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ३८,४०१ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास. दर चौरस किलोमीटरला १७ माणसे. भंडारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ४,०८७ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १२,००,३३४. दर चौरस किलोमीटरला २९४ माणसे. जैसलमेरचा पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरही नाही, भंडाऱ्याचा सुमारे १,३०० मिलिमीटर. म्हणजे भंडारा जैसलमेरच्या जवळपास नवव्या हिश्शाएवढा असूनही तेथे दुपटीच्या जवळ माणसे राहतात. याचे श्रेय आपण सरळ पावसाला देऊन मोकळे होतो.

३/
परंतु पाऊस किती पडतो याइतकाच तो केव्हा पडतो हा प्रश्न महत्त्वाचा असतो. भंडाऱ्याचा बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. जमिनीखाली पुष्कळ ठिकाणी जुना कठीण खडक आहे. भूवैज्ञानिक ज्याला 'साकोली समूह' म्हणतात तो याच परिसराच्या नावाने ओळखला जातो. अशा खडकात पाणी फारसे मुरत नाही आणि मुरलेले फार काळ पुरत नाही. उतारावरून आलेला लोंढा ओढ्यात, ओढ्यातून वैनगंगेत, वैनगंगेतून प्राणहितेत आणि तेथून गोदावरीत निघून जातो. ज्या गावाने तो अडवला नाही, त्याला उन्हाळा वाळवंटाचाच.

४/
त्यात या भूमीचे पीक धान. धानाला पाणी पुरेसे असून भागत नाही, ते वेळेवर लागते. पऱ्हे तयार झाले आणि रोवणीच्या आठवड्यात आभाळ कोरडे राहिले तर वर्ष हातचे गेले. लोंबी भरण्याच्या वेळी, म्हणजे पावसाळा आवरता घेत असताना, एक पाणी चुकले तर दाणा पोचट. चार महिने धो-धो पाऊस पडूनही दुष्काळ येऊ शकतो, हे कोकणातल्या वाचकाला पटणार नाही. साकोलीच्या शेतकऱ्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

५/
१९०८ साली मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. त्या काळच्या साऱ्या गॅझेटियरांप्रमाणे त्यातही भूवर्णन, लोकसंख्या, शेती, प्रशासन अशी वेगवेगळी प्रकरणे आहेत. इतिहासाचे विद्यार्थी ती तशीच वेगवेगळी वाचतात. माझा आक्षेप या वाचनपद्धतीला आहे. भंडाऱ्यात ही सारी प्रकरणे एकाच पाळीवर उभी आहेत. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. पाळ कोठे घातली यावरून गाव कोठे वसले हे ठरले, आणि पाळ कोणी घातली यावरून गावाचा धनी कोण हे ठरले.

६/
नकाशा समोर ठेवा. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते, वळसे घेत दक्षिणेकडे येते आणि भंडारा शहराजवळून पवनीकडे जाते. बावनथडी, सूर आणि चुलबंद तिला येऊन मिळतात. नदीकाठी सुपीक पट्टा आहे; परंतु नदीपासून दूर सरकले की लहान लहान टेकड्या, त्यांच्यामधल्या अरुंद दऱ्या आणि उथळ, रेताड जमिनी लागतात. नदीकाठी माणूस नदीवर जगू शकतो. टेकड्यांच्या या मुलखात मात्र पाणी साठवल्याशिवाय वस्ती टिकत नाही.

७/
येथे साठवणीची एक पद्धत पिढ्यान्‌पिढ्या घडत गेली. दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेवर पाळ घालायची. वर जंगल, जंगलाखाली तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या आणि त्यांच्या आसपास गाव. जास्तीचे पाणी सांडव्यावाटे खालच्या तलावात, तिथले त्याहून खालच्या तलावात. शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातला लहान तलाव म्हणजे बोडी. तलाव, बोडी, बांधी आणि धुरा अशी ही साखळी आहे. पावसाचा थेंब नदीत पोहोचण्याआधी त्याला चार ठिकाणी थांबवायचे, हे तिचे तत्त्व.

८/
या कामाशी सर्वांत घट्ट जोडलेले नाव कोहळी समाजाचे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात वैनगंगेच्या खोऱ्यातला, तलाव बांधण्यात निष्णात असा हा शेतकरी समाज नोंदलेला आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना सोबत आणले, अशी आख्यायिका आहे. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन, असे गोंड राजांचे वचन असल्याचेही परंपरा सांगते. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील नावाच्या कोहळ्याने बांधला, ही कथा आजही त्या भागात सांगतात.

९/
आख्यायिकेला पुरावा मानू नये, हे खरे. परंतु आख्यायिका काय लक्षात ठेवते हे पाहावे. येथे ती तलवार किंवा लढाई लक्षात ठेवत नाही. ती एक करार लक्षात ठेवते : पाणी अडव आणि जमीन घे. राज्याने जंगल आणि अधिकार द्यायचा, समाजाने श्रम आणि कौशल्य द्यायचे, पिकातला हिस्सा दोघांनी वाटून घ्यायचा. भंडाऱ्याच्या कारभाराची सुरुवात मी कोणत्याही सनदेपेक्षा या करारापासून धरतो.

१०/
आता पुन्हा जैसलमेरकडे वळू. तेथील पालीवाल ब्राह्मणांनी खडीन नावाची पद्धत राबवली. खडकाळ उतारावरचे पावसाचे पाणी खालच्या सखल जमिनीत बांध घालून अडवायचे आणि ओल धरलेल्या त्या जमिनीत रब्बी पीक घ्यायचे. तिथेही राज्याला पिकाचा हिस्सा मिळे. पाऊस सहा-सात पट कमी, जमीन वेगळी, पीक वेगळे. परंतु कराराचे स्वरूप तेच. एकोणिसाव्या शतकात कुलधरा आणि आसपासची पालीवालांची गावे ओस पडली. कारणांविषयी अनेक कथा आहेत. एवढे मात्र निश्चित की पाणी अडवणारी माणसे निघून गेली आणि कुलधरा पुन्हा भरले नाही.

११/
भंडाऱ्याचा इतिहास तलावांपासून सुरू होतो, असे मात्र समजू नका. वैनगंगेकाठच्या पवनीत १९६९-७०च्या उत्खननात मौर्य-शुंग काळापर्यंत मागे जाणारे बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या १११४ सालच्या शिलालेखात त्याला खंडणी देणाऱ्या प्रदेशांत 'भाणारा' हे नाव आहे, आणि अभ्यासक ते भंडाऱ्याशी जोडतात. म्हणजे नदीकाठची वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी. नदीपासून दूरच्या टेकडाळ मुलखात दाट शेतवस्ती शक्य झाली ती तलावांमुळे.

१२/
लोकसंख्येचे प्रकरण याच दृष्टीने वाचा. जंगलाच्या कडेला गोंड आणि हलबा. साकोली-लाखांदूरकडील तलावांच्या पट्ट्यात कोहळी. तुमसरपासून तिरोडा-गोंदियापर्यंत माळव्यातून आल्याची परंपरा सांगणारे पोवार. नदीकाठी आणि मैदानात कुणबी व तेली. विणकामात कोष्टी, आणि महार समाजातील विणकरही. पाण्यावर जगणारे ढिवर. झाडीबोली, पोवारी आणि गोंडी या बोली याच मांडणीतून एकमेकींच्या शेजारी आल्या. झाडीपट्टी म्हणून आपण ज्या संस्कृतीचे कौतुक करतो, तिच्या मुळाशी ही शेजारवस्ती आहे.

१३/
ही शेजारवस्ती समतेची नव्हती. तलाव गावाचा म्हटला तरी पाणी आधी कोणाच्या बांधीत जाणार हे जात, जमीन आणि मान यांवरून ठरत असे. पाळीची माती वाहणारे हात अनेकदा भूमिहीनांचे होते आणि तलावाखालची उत्तम जमीन दुसऱ्यांची. तरुण वाचकांना माझी विनंती आहे की पारंपरिक जलव्यवस्थेचे गोडवे गाणारा लेख वाचताना 'माती कोणी वाहिली आणि पाणी कोणाला मिळाले' हा प्रश्न जरूर विचारावा.

१४/
आता कारभार. गोंड सत्तेनंतर अठराव्या शतकाच्या मध्यास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८१८नंतर तिसरे रघुजी अल्पवयीन असताना ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स राज्याचा कारभार पाहत होता. या भागाचे मुख्य ठाणे आधी लांजीला होते. १८२०-२१च्या सुमारास ते भंडाऱ्यास आले. लांजी आज मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात आहे. जिल्ह्याचे मूळ ठाणेच परराज्यात गेले, यावरून या सीमारेषा किती अलीकडच्या आहेत ते कळावे.

१५/
१८५३ साली तिसरे रघुजी वारले, दत्तक नामंजूर झाला आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली. १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे भाग काढून बालाघाट जिल्हा उभा केला. याच दशकात जमीनबंदोबस्त झाला आणि त्याने गावाचा नकाशा मुळापासून बदलला. भोसल्यांच्या काळात गावचा सारा गोळा करून भरणारा पाटील आता कायद्याने गावाचा मालक झाला. त्याचे नाव मालगुजार.

१६/
'मालगुजारी तलाव' हा शब्द येथून आला. त्यातले काही तलाव मालगुजारीपेक्षा जुने आहेत, काही मालगुजारांनी स्वतः बांधले. मालगुजाराची सीर आणि खुदकास्त जमीन तलावाखाली असे, म्हणून तलाव फुटला तर पहिले नुकसान त्याचेच. त्यामुळे दर उन्हाळ्यात पाळीची डागडुजी, गाळ काढणे आणि नहरांची साफसफाई होई. गावाचे पाणी, चराई आणि सरपण यांविषयीचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' या दप्तरात नोंदले जात. या सामाईक हक्कांना 'निस्तार' म्हणत, आणि तो शब्द विदर्भात अजून जिवंत आहे.

१७/
ही व्यवस्था चाले ती बऱ्याच अंशी बेगारीवर. मालगुजाराने बोलावले की कुळाने यायचे, हा रिवाज होता. त्याला नकार देण्याची किंमत मोठी असे. म्हणून 'मालगुजारांच्या काळी तलाव कसे भरलेले असत' असे कोणी हळहळून सांगू लागले की मी सावध होतो. तलाव भरलेले असत हे खरे. ते कोणाच्या घामाने भरलेले असत हेही तितकेच खरे.

१८/
तलाव सर्वशक्तिमानही नव्हते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. १९०१च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ भरली. दहा वर्षांत सुमारे ११ टक्के घट. हजारो तलाव असलेल्या जिल्ह्याची ही अवस्था. पाऊसच आला नाही तर तलाव भरत नाही, आणि सलग दोन-तीन वर्षे बिघडली तर शेतकऱ्याजवळ ना बियाणे उरते ना बैल. गावपातळीवरची साठवण एक चुकलेला पंधरवडा सांभाळते. चुकलेली वर्षे तिला पेलत नाहीत.

१९/
या दुष्काळांनंतर सरकारने स्वतः मोठे तलाव बांधायला घेतले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत चांदपूर, बोदलकसा, चोरखमारा यांसारखे जलाशय उभे राहिले. गावाच्या तलावाशेजारी आता सरकारचा तलाव आला. पाण्याचा एक मालक गावात आणि दुसरा कचेरीत. दोघांच्या रीती वेगळ्या, हिशेब वेगळे. पुढे जो गोंधळ झाला त्याचे बीज मला येथे दिसते.

२०/
त्याच सुमारास आणखी एक शक्ती वस्तीला ओढू लागली : रेल्वे. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा मार्ग १८८०च्या दशकात सुरू झाला आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेत गेला. गोंदियाहून जबलपूरकडे अरुंदमापी फाटा निघाल्यावर गोंदिया जंक्शन झाले. धानाच्या गिरण्या, बिडीचा आणि लाखेचा व्यापार तिकडे सरकला. जिल्ह्याचे ठाणे भंडारा असूनही गोंदिया शहर त्याहून मोठे झाले. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याची पायाभरणी या रुळांनी कितीतरी आधीच केली होती.

२१/
मधला सर्वांत मोठा टप्पा मात्र १९५१चा. तेव्हा भंडारा जुन्या मध्य प्रदेशात होता. १९५०च्या मालकीहक्क निर्मूलन कायद्यानुसार ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. जंगल, पडीक जमीन आणि गावाच्या उपयोगाचे तलाव शासनाकडे आले. खातेदारांच्या खासगी बोड्या त्यांच्याकडे राहिल्या. तेव्हापासून सरकारी कागदांत या तलावांना 'माजी मालगुजारी तलाव' असे नाव पडले आणि त्याचे संक्षिप्त रूप झाले 'मामा तलाव'. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत.

२२/
मालगुजारी संपली हे योग्यच झाले. बेगार आणि कुळांची लाचारी यांना लोकशाहीत जागा नव्हती. माझी टीका वेगळ्या ठिकाणी आहे. कायद्याने तलावाची मालकी हलवली, तलावाचे कर्तव्य मात्र कोणाकडेच सोपवले नाही. पाळीवर उंदरांनी पाडलेले बीळ आषाढाआधी कोण बुजवणार? नहराची पाळी कोण ठरवणार? गाळ कोण काढणार? मालगुजार हे स्वार्थापोटी करीत होता. त्याच्या जागी आलेल्या शासनाला त्या पाळीखाली स्वतःचे शेत नव्हते.

२३/
१९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे राज्याच्या विभागांकडे अशी वाटणी झाली. तलावाचे पाणी हा निस्तार हक्क आहे असे गावकरी मानत, त्यामुळे पाणीपट्टीचा प्रश्न वादाचा राहिला. पट्टी नाही म्हणून दुरुस्तीला पैसा नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून पट्टी कशाची द्यायची, असे हे चक्र फिरत राहिले.

२४/
परिणाम आज डोळ्यांना दिसतो. अनेक तलाव गाळाने उथळ झाले आहेत. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर अतिक्रमणे झाली. काठावर बेशरम या झुडपाचे रान माजले. मासे ज्या पाणवनस्पतींवर जगतात त्या संपल्या आणि ढिवरांच्या जाळ्यात स्थानिक मासा येईनासा झाला. महाराष्ट्रात सारस पक्षी आता जवळजवळ फक्त गोंदिया-भंडाऱ्याच्या या धानपट्ट्यात उरला आहे, आणि त्याचे घरटे तलाव व बांध्या यांवर अवलंबून आहे.

२५/
'आता गोसीखुर्द आहे, जुने तलाव कशाला?' असा प्रश्न पुष्कळदा येतो. पवनी तालुक्यातील या प्रकल्पाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या पुढे गेला. मोठ्या धरणाची गरज मी नाकारत नाही. १९०१चा आकडा त्याच्या बाजूने साक्ष देतो. परंतु कालव्याचे पाणी उताराने खाली जाते. कालव्याच्या वर, टेकडीच्या पायथ्याला जे गाव आहे, त्याला त्याचा तलावच तारू शकतो.

२६/
दुसरा आक्षेप : लोकांकडे तलाव सोपवले तर पुन्हा गावातले बलवानच पाणी ओढतील. हा आक्षेप गंभीर आहे, आणि इतिहास त्याच्या बाजूने आहे. पण आजचे गाव १९५०चे गाव नाही. ग्रामसभा आहे, तीत स्त्रिया आणि दलित-आदिवासी यांना आवाज आहे, मच्छीमार सहकारी संस्था आहेत. गावात अन्याय होऊ शकतो म्हणून अधिकार कचेरीत ठेवला, तर अन्याय थांबत नाही. फक्त जाब विचारायला जायचे अंतर वाढते.

२७/
त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत लघुसिंचन, जलव्यवस्थापन आणि मत्स्यव्यवसाय हे विषय पंचायतींसाठी नोंदलेले आहेत. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा महाराष्ट्राचा कायदा २००५चा आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात मासे आणि जलाशयांवरील सामूहिक हक्क मान्य झाले आहेत. कर्तव्य आणि अधिकार एकाच हाती देण्याची तरतूद तीन ठिकाणी लिहिलेली आहे. अडले आहे ते अंमलात.

२८/
शेजारच्या तेलंगणाचे उदाहरण पाहा. काकतीय राजांच्या काळापासून तलावांची परंपरा असलेल्या त्या राज्याने २०१५ साली 'मिशन काकतीय' सुरू करून सुमारे ४६ हजार तलावांचे पुनरुज्जीवन हाती घेतले. गुणदोष आहेतच, पण तलाव हा राज्याच्या धोरणाचा केंद्रविषय झाला. आपल्याकडे भंडारा-गोंदियात स्थानिक अभ्यासक आणि ढिवर समाजातील स्त्रीपुरुष यांनी मिळून बेशरम उपटून जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. सरकारी योजनांमधून गाळही निघतो. मात्र गाळ एकदा काढून भागत नाही. पाळीला दरवर्षी माणूस लागतो.

२९/
शेवटी सीमारेषांविषयी. १९९९च्या विभाजनाने नवेगावबांध गोंदियात गेला. चुलबंद नदी गोंदियाच्या डोंगरात उगम पावून भंडाऱ्यात वैनगंगेला मिळते; वरचे तलाव एका जिल्हा परिषदेचे, खालचे दुसरीचे. बावनथडीच्या खोऱ्यात तर दोन राज्ये आहेत. प्रशासनाच्या सोयीसाठी जिल्हे पाडावेत, त्यास हरकत नाही. परंतु ज्या साखळीत वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालचा तलाव भरते, तिचा आराखडा खोरे धरून एकत्र व्हायला हवा.

३०/
म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक मामा तलावाची हद्द मोजून सातबारावर आणि जागेवर कायम करावी. त्याच्या देखभालीची जबाबदारी, निधी आणि मासेमारीचे उत्पन्न यांचा निर्णय शेतकरी, ढिवर आणि भूमिहीन यांचे प्रतिनिधित्व असलेल्या ग्रामसभेच्या समितीकडे कायद्याने द्यावा. आणि भंडारा-गोंदिया मिळून खोरेनिहाय आराखडा करावा. यांतली पहिली मागणी सर्वांत कमी खर्चाची आहे, आणि ती रखडली तर उरलेल्या दोहोंना अर्थ राहणार नाही.

३१/
इतिहासाची आवड असलेल्या तुम्हा मित्रांसाठी एक काम सुचवतो. आंबागडचा किल्ला आणि पवनीचा तट पाहायला आपण जातो. तसे एखाद्या गावच्या तलावावरही जा. पाळ कोणी घातली, पाण्याची पाळी कशी लागे, गाळ शेवटचा केव्हा काढला, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून ठेवा. पाळीची माती ज्यांच्या आजा-पणजांनी वाहिली त्यांच्या घरीही जा. दप्तरात त्यांची नावे नाहीत. मालगुजारी पाहिलेली पिढी आता नव्वदीच्या घरात आहे, तेव्हा हे काम या उन्हाळ्यातच व्हावे.